खरा फेणे कोणता?

एखादी कथा पन्नास-साठ वर्षे चालत राहिली, मध्यंतरी तिचे लेखक बदलले, ती पुस्तकातून पडद्यावर गेली, नायकाचे वय, वेश आणि चेहराही पालटला, तर ती तीच कथा राहते काय? राहत नसेल, तर ती नेमकी कोठे दुसरी झाली? आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? लिहिणाऱ्याचा, तिचे हक्क विकत घेणाऱ्याचा, की तिच्यावर जीव लावून बसलेल्या वाचकाचा? प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. काल्पनिक माणसांच्या कपाळावरील वळ्यांवरून हातघाईवर येणाऱ्या मंडळींकडे पाहून आपल्यापैकी अनेकांना हसू येते. तथापि जरा थांबून पाहिले, तर ग्रंथ, परंपरा आणि घराणे यांच्याविषयी आपण ज्या गंभीर शंका काढतो, त्यांचेच हे धाकटे भावंड आहे, असे ध्यानात येते.

मराठी घरांत हा वाद फास्टर फेणेच्या निमित्ताने शिरला. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा हा मानसपुत्र. भागवतांचा जन्म इंदूरचा. म्हणजे आपल्याप्रमाणेच संस्थानी मराठी वस्तीशी नाते सांगणारे हे लेखक. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’सारख्या पुस्तकांतून त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि विज्ञानकथेची गोडी लावली. त्यांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काटकुळा, पायाला भिंगरी आणि बुडाखाली सायकल असलेला मुलगा. कोडे सुटू लागले की तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढणारा. पुस्तकांमागून पुस्तके आली, जग बदलत गेले, वाचणारी मुले बाप झाली. बनेश मात्र शाळकरीच राहिला. वास्तविक सातत्याचा पहिला भंग तेथेच झालेला आहे. पण त्याविषयी कोणी तक्रार केली नाही. जे आपल्याला हवे असते ते विसंगत असले तरी खटकत नाही, ही गोष्ट पुढील चर्चेत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऐंशीच्या दशकात सुमीत राघवनच्या रूपाने फेणे दूरदर्शनवर आला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात अमेय वाघ यांनी त्याची भूमिका केली. हा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. त्याच्यापुढे उभे राहते ते एका परीक्षार्थीच्या मृत्यूचे गूढ. शाळेचे पटांगण जाऊन त्या जागी गुन्हेगारीचे अंधारे जग आले. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात साक्षात भा. रा. भागवत रंगविले, आणि फेणे आपल्या जनकाच्याच घरी उतरला. ज्यांनी बालपणी पुस्तके वाचली होती त्यांच्यापैकी काहींना हे कौतुकाचे वाटले. काहींना वाटले, आमच्या बन्याला दाढीमिशा कोणी फुटू दिल्या? ज्यांची फेणेशी पहिली भेट चित्रपटगृहात झाली, त्या मुलांना मात्र मुळात वाद कशाचा आहे, हेच उमगले नाही.

असाच वाद सातासमुद्रापलीकडे फार मोठ्या प्रमाणावर चालला आहे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात झालेली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका पुढे दूरदर्शननेही दाखविली. टोकदार कानांचा स्पॉक आपल्यातील काहींना आठवत असेल. तीत क्लिंगॉन नावाची एक लढवय्यी परग्रहवासी जमात आहे. आरंभीच्या मालिकेत पैशांची चणचण होती. म्हणून थोडा रंग आणि मिशा एवढ्यावर नटांना क्लिंगॉन बनविले गेले. १९७९ मध्ये मोठा चित्रपट निघाला, पैसा आला, आणि त्याच क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांच्या उंच वळ्या उगवल्या. कथेत याचे कारण दिलेले नव्हते. प्रेक्षकांनी मात्र ते शोधावयास घेतले. एकाच जातीचे हे दोन वंश आहेत, की मध्ये काही रोगराई झाली, असे तर्क वर्षानुवर्षे लढविले गेले. १९९६ मध्ये पुढच्या पिढीच्या एका मालिकेत काही पात्रे भूतकाळात जाऊन पोचतात, तेथील सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून थक्क होतात आणि आपल्या क्लिंगॉन सोबत्याकडे पाहू लागतात. तो एवढेच सांगतो की, आम्ही परक्यांपाशी हा विषय काढत नाही. २००५ मध्ये एका विषाणूची रीतसर कथा रचून गाठ बसविण्यात आली. २०१७ मध्ये नव्या मालिकेने पुन्हा चेहरे बदलले, डोक्यावरचे केसही काढले. तक्रारी झाल्या आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात केस परत आले.

ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ने याहून चतुर मार्ग काढला. १९६६ मध्ये मुख्य नटाची प्रकृती साथ देईना, तेव्हा लेखकांनी नायकाला नवे शरीर धारण करण्याची शक्तीच देऊन टाकली. तेव्हापासून तेथे चेहरा बदलणे हा कथेचा नियम झाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकाच देवाची दहा रूपे मानणाऱ्या आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चेहरा बदलला तरी तोच आहे, असे म्हणण्यासाठी ‘तो’ म्हणजे काय, याची मनात काहीतरी खूण असावी लागते. सगळा वाद त्या खुणेचा आहे.

या वादात दोन पक्ष ठरलेले. एकाचे म्हणणे असे की, मूळ रूप हेच प्रमाण. त्यात केलेला प्रत्येक बदल हा भ्रष्टपणा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, कथा ही करमणूक आहे, काळाप्रमाणे ती बदलणारच. जुन्याला कवटाळणारे लोक केवळ स्वतःच्या बालपणाला कवटाळत असतात. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, आणि त्यांचे अपुरेपण दाखविण्यासाठी आपल्या बडोद्याच्या बाहेर जाण्याचीही फारशी गरज नाही.

पहिल्या पक्षाने लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन राजा रविवर्म्याची चित्रे पाहावीत. १८८८ च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी त्याला रामायण-महाभारतावरील चौदा चित्रांचे काम सांगितले. पौराणिक स्त्रियांना कोणती वस्त्रे द्यावीत, हा प्रश्न त्याच्यापुढे खराखुरा होता. कारण प्रांतोप्रांतीच्या देवता वेगळ्या नेसत होत्या. त्याने साडी निवडली, पाश्चात्त्य तैलरंगांची छायाप्रकाशाची रीत स्वीकारली आणि देवतांना हाडामांसाची माणसे केले. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि ती रूपे घरोघरच्या भिंतीवर गेली. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनी या चित्रांवर नाटकीपणाचा ठपका ठेवला. आज आपल्या देवघरातील लक्ष्मी किंवा सरस्वती आठवून पाहा. डोळ्यांपुढे बहुधा त्याच घडणीची मूर्ती येते. जो एका पिढीला बदल वाटला, तो तीन पिढ्यांनंतर मूळ ठरला. तेव्हा ‘मूळ रूप’ या शब्दाने आपण पुष्कळदा केवळ ‘आम्ही प्रथम पाहिलेले रूप’ एवढेच सांगत असतो.

मग दुसरा पक्ष जिंकला काय? तसेही नाही. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची हकिगत त्याच्या आड येते. जॉर्ज लुकास यांचा हा चित्रपट १९७७ चा. त्यात हॅन सोलो नावाचा एक चोरटा व्यापार करणारा, आपल्यापुरते पाहणारा गडी आहे. एका मद्यगृहात त्याला धरावयास आलेल्या मारेकऱ्यावर तो टेबलाखालून गोळी झाडतो आणि निघून जातो. पुढे हाच माणूस दुसऱ्यांसाठी जीव धोक्यात घालतो. त्याच्या चांगुलपणाला किंमत येते ती या आरंभामुळे. १९९७ मध्ये लुकास यांनी चित्रपटाची सुधारित आवृत्ती काढली. तीत मारेकरी आधी गोळी झाडतो, नेम चुकतो, आणि सोलो केवळ उत्तर देतो. क्षणभराचा फरक; परंतु त्या क्षणाने पात्राचे नीतिशास्त्रच बदलले. आता तो सुधारलेला स्वार्थी राहिला नाही. पहिल्यापासूनचाच निर्दोष झाला.

तरीही प्रेक्षकांचा खरा राग या फेरफारावर नव्हता, असे आम्हांस वाटते. सुधारित आवृत्ती हीच काय ती आवृत्ती, असे मानून जुनी मागे घेतली गेली, हे त्यांना झोंबले. २००६ मध्ये डीव्हीडीवर मूळ चित्रपट जोड म्हणून एकदा देण्यात आला खरा. पण एरवी त्या काळात दुकानात जाऊन मागितले तर सुधारलेलाच मिळे. विशेष म्हणजे हेच लुकास १९८८ मध्ये अमेरिकन संसदेपुढे साक्ष देण्यास गेले होते, आणि जुन्या चित्रपटांत मालकांनी मागाहून फेरफार करू नयेत, असे त्यांनी कळकळीने मांडले होते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे परक्याच्या कलाकृतीला हात लावणारे धनिक होते. आपलीच कृती आपण बदलली, तर तो प्रश्न उरतच नाही, असे त्यांना वाटले असावे.

येथे नैतिक प्रश्नाचे मर्म आहे. निर्मात्याला स्वतःच्या निर्मितीवर किती अधिकार? आपल्या भाषेत ग्रंथ छापून बाहेर आला की तो ‘प्रसिद्ध’ झाला असे म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. जे लोकांना ठाऊक झाले, ते आता केवळ लेखकाच्या पेटीत नाही. ते वाचकांच्या स्मृतीत वस्तीला गेले. तुकोबांच्या गाथेची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, असे श्रद्धा सांगते. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून बुडाले नाहीत, असे विचारी माणसे सांगतात. दोन्ही कथनांचा आशय एकच. जनांना दिलेले परत घेता येत नाही. लेखकाने पुन्हा लिहावे, सुधारावे, स्वतःचे मत खोडून काढावे. तो त्याचा अधिकार. पण ज्यांनी ते आधीच हृदयात साठविले त्यांना ‘तुम्ही वाचलेत ते नव्हतेच’ असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. बदलणे ही निर्मिती आहे. पुसणे हा स्मृतीवरचा अन्याय आहे.

हा भेद प्रत्यक्ष कसा पाळावा, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याच गावी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बालकांड १९६० मध्ये निघाले, उत्तरकांड १९७५ मध्ये. सात कांडांना पंधरा वर्षे लागली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते जुळवून पाहायची, सर्वांत जुना पाठ कोणता असावा याचा निर्णय करायचा, आणि मागाहून आलेले श्लोक बाजूस काढायचे, असे ते काम. यापेक्षा मोठा सातत्याचा वाद कोणता असणार? कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेचा ग्रंथ, दोन हजार वर्षांची वाटचाल, आणि प्रत्येक प्रांताला आपलाच पाठ खरा वाटतो.

त्या पंडितांनी बाजूस काढलेल्या श्लोकांचे काय केले? ते फेकले नाहीत. पृष्ठाच्या तळाशी टीपांत आणि ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे याच्या नोंदीसह, ते सर्व छापले. हा पाठ आम्हांस मुळाचा वाटतो, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. आणि ज्याला ते पटणार नाही त्याला तपासून पाहण्याची सोयही त्याच ग्रंथात करून ठेवली. निर्णय घेतला, पण पुरावा नष्ट केला नाही. आम्ही याला केवळ विद्वत्ता म्हणत नाही. हा एक आचारधर्म आहे.

परंपराही याच धर्माने वागलेली दिसते. लक्ष्मणरेषा वाल्मीकीच्या पाठात नाही. ती मागाहून आली, आणि आता इतकी आपली झाली की तिच्यावाचून मराठी भाषेचे पान हलत नाही. रामायणाच्या शेवटी सीता भूमीत जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त तिची आणि रामाची पुन्हा भेट घडविली. त्याला तो शेवट सोसवला नसावा. पण त्यासाठी त्याने वाल्मीकीची पोथी गोळा करून जाळली नाही. त्याने आपले नाटक वाल्मीकीच्या शेजारी ठेवले. आज आपल्यापाशी दोन्ही शेवट आहेत, आणि एकाचे दुःख दुसऱ्याने अधिकच गहिरे होते. ‘स्टार वॉर्स’च्या नव्या मालकांनी २०१४ मध्ये मागील अनेक वर्षांच्या कादंबऱ्या प्रमाण मानावयाच्या नाहीत असे जाहीर केले, तेव्हा चाहते हळहळले, तरी ती पुस्तके ‘दंतकथा’ अशा अर्थाच्या शिक्क्याने बाजारात राहिली. परिशिष्टात का होईना, जागा राहिली. हळहळीला तेवढा आधार पुरतो.

आता फेणेकडे परत येऊ. वरील कसोटीवर २०१७ च्या चित्रपटाने अन्याय केला असे म्हणता येत नाही. त्याने पुस्तके पुसली नाहीत. उलट लेखकालाच पडद्यावर आणून ‘हा मुलगा यांचा’ अशी कबुली दिली. मग त्यावर टीका करू नये काय? अवश्य करावी, पण ती कशाची, हे जाणून करावी. सायकल, शर्ट, वय ही बाहेरची लक्षणे झाली. आमच्या मते मूळ फेणेचा प्राण असा की, मोठ्यांच्या जगात ज्याला कोणी मोजत नाही, अशा एका पोराला जे दिसते ते मोठ्यांना दिसत नाही. वाचणाऱ्या मुलाला तेथे स्वतःची किंमत कळत असे. तरुण फेणे कितीही चपळ असला, तरी तो मोठ्यांच्याच जगातला एक झाला, आणि ही गोष्ट निसटली. दुसऱ्या बाजूने, अन्याय दिसला की पाय मागे न घेणे, हा फेणेचा दुसरा गुण चित्रपटाने जपला, असेही कोणी म्हणेल. हा मतभेद सात्त्विक आहे. येथे कोणी कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. नावडत्या बदलाला अपराध म्हणू नये. तो शब्द पुसण्यासाठी राखून ठेवावा.

चाहत्यांच्या बाजूनेही एक कर्तव्य निघते. नव्या रूपातून कथेशी ओळख झालेल्या मुलाला ‘तुझा फेणे खोटा’ असे हिणवणे, हेही एक प्रकारचे पुसणेच आहे. केवळ दिशा उलटी. त्याची पहिली भेट आपल्या पहिल्या भेटीइतकीच खरी असते. आपण बडोदेकरांनी तरी हे सहज ओळखावे. पिढ्यांपूर्वी गायकवाडांच्या पाठोपाठ आलेली ही घराणी. आपल्या आमटीत गूळ जरा जास्त पडतो, वाक्यात गुजराती शब्द सहज मिसळतो, आणि पुण्या-मुंबईचे आप्त ‘तुमचे मराठी काही वेगळेच’ म्हणून स्मित करतात. त्यांच्या लेखी आपण मूळ ग्रंथाची सुधारलेली, किंवा बिघडलेली, आवृत्ती आहोत. आपल्याला मात्र ठाऊक आहे की, आपण खोटे मराठी नाही. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो नातवंडांच्या फेणेलाही द्यावयास हवा.

आणि पुसण्याविषयी बोलताना बोट केवळ परदेशी चित्रपटकारांकडे दाखवून चालणार नाही. जुने घर पाडून सदनिका होते, तेव्हा आजोबांच्या कपाटातील मराठी पुस्तके कोठे जातात? वाचणारे कोणी नाही म्हणून ती पस्तीवाल्याच्या काट्यावर चढतात. कोणा निर्मात्याने मागे न घेतलेली आवृत्ती आपण आपल्या हातांनी मागे घेतो. चित्रपटाने आमचा फेणे बदलला, असे म्हणणाऱ्या किती घरांत आज फेणेचे एक तरी पुस्तक सापडेल? ज्या शहराने १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, त्या शहरात हा प्रश्न विचारावा लागावा, हे शोभादायक नव्हे. इंग्रजी वा गुजराती माध्यमात शिकणाऱ्या नातवंडाला फेणे चित्रपटातून भेटला, तर त्याचे स्वागत करावे आणि शेजारी पुस्तक ठेवावे. त्याला मराठी वाचणे जड जात असेल, तर एक प्रकरण आपण वाचून दाखवावे. दोन्ही फेणे समोर असले, म्हणजे खरा कोणता, हे त्याचे त्याला ठरविता येईल. कदाचित तो तिसराच रचील.